एक काना आणि एक य

माझ्या हातातला माईक हिसकावायचं काही कारण नव्हतं. हिसकावलास तो हिसकावलास, वर "ताईंची तब्येत बरी नाही" असं भरल्या सभेत सांगितलंस. मी ठणठणीत आहे.

असो. धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.) तुझी शुगर कशी आहे? आठ दिवस फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

चूक माझी, कबूल. तुझ्या सेक्रेटरीची चिठ्ठी आली, की उमेदवारी ठरायची सभा आहे, ताईंनी साहेबांच्या चारित्र्यावर चार शब्द बोलावेत. माझी शाळा जोडाक्षरं यायच्या आधीच सुटली. मी वाचलं चरित्र. एक काना आणि एक य गिळून बसले. म्हटलं, ह्याचं चरित्र माझ्याइतकं कोणाला पाठ असणार? जन्मापासून सुरू केलं. भाऊ किती मायाळू, सरकारी दवाखान्यासाठी आलेल्या फरशा त्याने आधी बहिणीच्या न्हाणीघरात बसवल्या, हेही सांगितलं. कोणी हूं की चूं केलं नाही. तुमच्या अध्यक्षांनी तर कौतुकाने मान डोलावली. त्याने मला चेव आला आणि ओघात तुझ्या दुसऱ्या संसारावर घसरले. तर अध्यक्ष असे दचकले, की मला वाटलं खुर्चीत विंचू निघाला. (त्यांचं तिसरं बिऱ्हाड माझ्याच गल्लीत आहे. आमचा दूधवाला एकच.) आणि आता म्हणे चारित्र्यापायी तुझी उमेदवारी अडली.

पण मी तरी कुठली धुतल्या तांदळाची? मागच्या महिन्यात त्याच दवाखान्यात, बिनफरशीच्या उखडलेल्या जमिनीवर आपटले आणि सरकारच्या नावाने तासभर बोटं मोडली. मग घरी येऊन तुझ्या गुळगुळीत फरशांवर बसून कंबर शेकली. तेव्हा काही आठवलं नाही. तुझ्या धाकट्या बायकोच्या दारात मात्र पाऊल टाकणार नाही, हे चारचौघांत दहा वेळा सांगून झालंय.

अध्यक्षांना जाऊन सांगते, की दुसरा संसार वगैरे म्हातारीचा भ्रम होता. ते खूश होतील. त्यांनाही तेच ऐकायचंय.

तुझी,
ताई

ता. क. न्हाणीघरातली एक फरशी तडकली आहे. तसलीच एक पाठव, म्हणजे मी अध्यक्षांकडे जाते.

आणखी ता. क. दवाखान्याच्या संपल्या असतील, तर धाकटीच्या ओट्याखाली दोन जादा ठेवल्यात, त्याच रंगाच्या. दर गुरुवारी चहा पिताना दिसतात मला. उत्तर तिनेच लिहावं, तू नाही; ती माझ्यासाठी जोडाक्षरं टाळून लिहिते. आणि थोरलीला यातलं अक्षर कळता कामा नये.