जिन्यापर्यंत येणारं वायफाय

सोन्या,

मी मावशीकडे जातेय, रविवारी येईन. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तूच शिकवलंस, फोन घराजवळ आला की वायफायचा राउटर त्याला ओळखतो, नेटवर्कवरचा पत्ता देतो आणि माझ्या फोनवरच्या यादीत त्याचं नाव येतं. तुझं नाव आलं की मी चहा टाकते. नोकरी गेल्यापासून नाव येतं, तू येत नाहीस. दोघांचा चहा गार होतो. तू खाली जिन्यात बसून राहतोस, कळतं मला. काही विचारायचं नाही असं रोज ठरवते, पण माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही. म्हणून निघाले.

ही चिठ्ठी दारावर न लावता तुझ्या पायरीवर ठेवलीय. घरात विचारणारं कोणी नाही. आता वर जा.

आई