लागणीची खरी तारीख

तात्या, मी नोकरी सोडली.

बघा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहून मी आधी दाराकडं बघितलं. पंधरा वर्षांची, पर्मनंट, पुण्यातली, घराच्या कोपऱ्यावरून बसनं नेणारी आणि बसनं आणून सोडणारी नोकरी. आणि ती सोडून काय केलं म्हणाल, तर सदतिसाव्या वर्षी बारामतीत खोली घेऊन कॉलेजात बसलेय, बिझनेस मॅनेजमेंट शिकायला. अख्खी बारामती नोकरीसाठी पुण्याला पळते आणि तुमची लेक उलटी आली. पहिल्या दिवशी गेटवरचा वॉचमन अदबीनं म्हणाला, मॅडम, पालकांची मिटिंग उद्या आहे. मी म्हटलं, दादा, पालक नाही, मीच शिकायला आलेय. बिचारा इतका गडबडला की त्यानं मला सलामच ठोकला. तुम्ही कधी न पाहिलेले तुमचे जावई पुण्यातच आहेत, त्यांची नोकरी चालू आहे, आणि माझ्या माघारी ते भाकरी थापायला शिकतायत. परवा फोटो पाठवला होता. भाकरी कसली, तालुक्याचा नकाशा होता तो.

मला सारखा तो एक दिवस आठवतो. निरवांगीचं आपलं स्वयंपाकघर, आई चुलीपुढं, आणि तुम्ही दारात उभे, हातात माझं नेमणुकीचं पत्र. तुम्ही पत्र वाचत नाही आहात, त्यातला एकच शब्द शोधताय. तो सापडत नाही म्हटल्यावर मान वर करून मला विचारता, "पर्मनंट हाय का?" मी सांगते, सहा महिने बघतील, मग करतील. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून सहा महिन्यांनंतरच्या तारखेला पेननं गोल करता. आणि तो दिवस उजाडल्यावर इंदापूरला जाऊन माझ्यासाठी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आणलात, त्यावर नाव घालून. आपल्याकडं लोक भांड्यावर लग्नाची तारीख घालतात, वास्तुशांतीची घालतात. तुम्ही माझी पर्मनंट झाल्याची तारीख घातलीत. डबा हातात देताना म्हणालात, "आता सोडायची न्हाय. पाऊस आला तर आला, पगार मातर येतोच."

पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात आणि ते वाक्य तेवढं माझ्याकडं राहिलं. माणूस समोर असलं की त्याच्याशी भांडता तरी येतं.

छळ होता म्हणून सोडली असं समजू नका. साहेब चांगले, कँटीन चांगलं, दिवाळीला मिठाईचा बॉक्स. माझं काम म्हणजे याद्या करणं. गाडीचा कुठला सुटा भाग कुठल्या ट्रकमधून कुठल्या दिवशी आत घ्यायचा, त्याची यादी. यादी मी लिहायची आणि क्रम वरच्या मजल्यावर ठरायचा. हाच ट्रक आधी का, असं विचारलं की साहेब म्हणायचे, ते वरून आलंय. पंधरा वर्षं वरून आलंय, वरून आलंय. एक दिवस डबा खाता खाता वाटलं, हे वरचे लोक नेमकं काय शिकून वर जातात ते एकदा बघून तरी यावं. हसू नका. एवढंच कारण आहे, आणि मला ते पुरेसं वाटलं.

पण निरवांगीत सांगायची वेळ आली तेव्हा तुमच्या लेकीनं शेपूट घातली. चुलत्यांच्या नातीचं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती, पुरुष मांडवात. आबांनी, म्हणजे तुमच्या थोरल्या भावानं, सगळ्यांदेखत विचारलं, कंपनी सोडलीस म्हणं? माझ्या डोळ्यांपुढं तुम्ही गोल केलेलं ते कॅलेंडर आलं आणि मी ठोकून दिलं, सोडली कुठं आबा, कंपनीनंच पाठवलंय शिकायला. आबांची छाती अशी फुगली म्हणता! दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं की कंपनीचं हिच्यावाचून इतकं अडतं की स्वतःच्या खर्चानं शिकवतेय. मी ते दुरुस्त केलं नाही. खोटं काय सांगू, गोड वाटत होतं.

आता तुम्हाला रजिस्टर आठवलं असणार. मलाही आठवलं. तुम्ही साखर कारखान्याचे चिटबॉय. दिवसभर बांधाबांधानं फिरायचं, कुणी ऊस कधी लावला ते बघून यायचं, आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून तुम्ही सांगायचं, मी रजिस्टरात लिहायचं, कारण माझं अक्षर चांगलं. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, त्याचे पैसे आधी. गावातली अर्धी भांडणं त्या एका रकान्यासाठी. मी बारा वर्षांची असताना पलीकडच्या वस्तीवरच्या मावशींनी मला ओटीभर पेरू दिले आणि म्हणाल्या, लेकीचं लग्न धरलंय गं, आमची तारीख जरा मागं घे. मी घेतली. चांगली पंधरा दिवस मागं घेतली. तुम्हाला तर प्रत्येकाची लागण तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि मोपेडवर मागं बसवून सरळ त्यांच्या दारात नेलंत. मारलं नाहीत. मावशींपुढं उभं करून माझ्या तोंडून वदवून घेतलंत, मी तारीख खोटी लिहिली. त्यांच्यासमोरच खोडायला लावून खरी लिहवून घेतलीत. मी मुसमुसत होते, मावशी चहाचा आग्रह करत होत्या. परत येताना उसाच्या कडेला गाडी थांबवून तुम्ही म्हणालात, "लागण कवा झाली ते उसाला ठावं असतंय. आपुन खोटं लिवलं म्हणून त्याचं वय वाढत न्हाय." मग स्टँडवर गारेगार घेऊन दिलंत. मला आजवर कळलेलं नाही, ते बक्षीस होतं की शिक्षेचाच भाग.

तर गेल्या महिन्यात शनिवारी दार वाजलं आणि दारात त्याच मावशी. केस पांढरे झालेत, बाकी तशाच. पिशवीत, देवाशपथ तात्या, पेरू. त्यांची नात, मुलाची मुलगी, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. पोरगी हुशार, प्रवेश परीक्षा पास झालीये, तिलाही हेच शिकायचंय, पण उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीचा फॉर्म भरायला चारच दिवस राहिलेत आणि घरातनं परवानगी नाही. बाप म्हणतो, हातची नोकरी कशाला सोडायची, त्या चिटबॉयच्या पोरीसारखं कंपनी पाठवील तेव्हा जा. मावशी म्हणाल्या, तुझ्या कंपनीनं कसं पाठवलं ते तेवढं सांग, म्हणजे हिच्या कंपनीलाबी तसंच सांगता येईल.

माझ्या एका थापेनं एक पोरगी अडकून पडली होती. तरीही त्या क्षणी तोंड उघडलं नाही हो माझं. बघते, म्हणाले, आणि वर पेरू ठेवून घेतले. मावशी गेल्यावर त्यातला एक खाल्ला, गोड होता, आणि मला इतकी लाज वाटली की उरलेले पिशवीतच राहू दिले.

रविवारी सकाळी स्कूटी काढली आणि निरवांगी गाठली. आई आणि आबांना बरोबर घेऊन मावशींच्या ओसरीवर गेले. म्हटलं, एकदाच सांगून मोकळं व्हावं. पेरूची पिशवी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. कंपनीनं पाठवलेलं नाही. मी राजीनामा दिला. पगार बंद आहे, माझ्याच साठवणीतून शिकतेय. दोन वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही.

आबांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, आता काय करू, मी तर सांगवीपातुर सांगून आलोय. मावशींना हसू आवरेना. म्हणाल्या, "एकाच दारात दोनदा तारीख दुरुस्त कराय आलीस की गं." आणि आई, जिच्यासमोर मी महिनाभर जपून जपून बोलत होते, ती शांतपणे म्हणाली, "मला पैल्याच दिशी कळालं हुतं. कंपनीनं धाडलं असतं तर ही एवढी हासत आली नसती."

नातीचा बाप लगेच विरघळला असं नाही. पर्मनंट सोडून कुणी शाळेत जातं का, हे त्यानं तीनदा विचारलं. मी काय सांगणार, तुम्हीही तेच विचारलं असतंत. मी म्हटलं, मला भीती वाटते, खूप वाटते, पण सकाळी उठून वर्गात जायची घाईही होते, आणि अशी घाई मला पंधरा वर्षांत झाली नव्हती. शेवटी मावशीच म्हणाल्या, भर गं फॉर्म. पोरीनं तिथंच ओसरीवर मोबाइलवर फॉर्म भरला. आईनं पेरू कापले, तिखटमीठ लावलं, आणि आबांनी सगळ्यांत जास्त खाल्ले.

परतल्यावर बारामतीच्या भांडीवाल्याकडं डबा घेऊन गेले. तुम्ही घातलेल्या तारखेखाली माझ्या प्रवेशाची तारीख घालून घेतली. त्यानं विचारलं, ताई, वरची लग्नाची आणि खालची वास्तुशांतीची का? मी हो म्हणाले. कुठं समजावत बसू? रोज तोच डबा घेऊन कॉलेजात जाते. वर्गातल्या बाविशीतल्या पोरी माझ्या डब्यातलं खातात, मला ताई म्हणतात आणि गणिताच्या पेपराला माझ्याहून जास्त मार्क पाडतात.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, घडी करून याच डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवायचंय, रविवारी डबा रिकामा असतो तेव्हा. ठेवण्याआधी एक कबूल करते. आबांना सांगितलं, मावशींना सांगितलं, सगळ्या गावाला खरी तारीख सांगून झाली. पण तात्या, त्या ओसरीवर तुम्ही बसलेले असता, आणि मान वर करून मला विचारलं असतंत, पर्मनंट हाय का, तर तुम्हाला मी अजूनही सांगितलं असतं, कंपनीनंच पाठवलंय.