कात्रणात नसलेलं नाव

४ डिसेंबर, सोम.
अधिवेशन सुरू. विधानभवनाच्या ग्रंथालयात ह्यांना आता लवकर जावं लागतं. कात्रणं चिकटवायला मैद्याची खळ शिजवून बाटलीत दिली. मोरचूद घातलं, कसर लागत नाही. हिशेबात दूध अजून तेवढंच. शकूचं कमी करायचं श्रावणापासून राहिलं आहे.

७, गुरु.
मार्गशीर्षातल्या गुरुवारची लक्ष्मीची पूजा झाली. कहाणीत लेक आली तिथे थांबले.
घटसर्पाचं इंजेक्शन दवाखान्यांत का नसतं, यावर इकडच्याच एका तरुण आमदारांनी जुनी उत्तरं, अहवाल, कात्रणं मागितलीत. चर्चेत बोलायचं म्हणे. मी ह्यांना म्हटलं, मग आपल्या शकूचंही सांगा. दवाखान्यातले इंजेक्शन बाहेरून आणा म्हणत राहिले, आणि पोर गेली, हे सांगा.
"छापलेलं असेल तेच देता येते. घरचं नाही."
ताटावरून उठले.

९, शनि.
वर्तमानपत्राला पत्र टाकलं. झालं तसं सगळं लिहिलं, नावं तेवढी गाळली. ह्यांची सरकारी नोकरी, म्हणून खाली फक्त 'एक आई, नागपूर'. पेटीत टाकताना रामरक्षा म्हटली.

१३, बुध.
छापून आलं. ह्यांनीच कापलं, तारीख घालून आमदारांच्या फाईलला लावलं. खळ माझी.
घरी आल्यावर एवढंच, "छापलं तरी बोलणं तुझंच वाटते."

१९, मंगळ.
चर्चा झाली. आमदारांनी पत्र वाचलं. हे पुस्तकं घेऊन सभागृहाच्या दाराशी उभे. मंत्री म्हणाले, निनावी पत्राला काय उत्तर द्यायचं, कुणाचं लेकरू, कोणता दवाखाना? कोणीतरी हसलं. हसल्याचं ह्यांनी मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.
नंतर आमदार ग्रंथालयात आले. "काकाजी, हे माय कोन आहे, मले शोधून द्या. उद्या नाव घेऊनच बोलतो."
"पाहतो" म्हणाले. आजवर कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही ह्यांनी.
मला विचारतात, काय सांगू? नोकरीचं बोलले नाहीत. मीही नाही.

२०, बुध. दत्तजयंती.
देवापुढे बसून कागदावर लिहिलं. कु. शकुंतला, वय सहा. खाली दवाखान्याचं नाव. आईचं नाव लिहिताना हात अडला. माझ्या नावात ह्यांचं नाव येतंच. ते वगळलं तर मी पुन्हा कुणीतरी एक आई.
पूर्ण लिहिलं. कागद ह्यांच्या जेवणाच्या डब्यावर ठेवला आहे. हे अंघोळीला गेलेत. आता येऊन डबा उचलतील.