मोठ्या चाकाचा स्क्रू

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठणठणीत आहे. आईचा गुडघा बरा आहे, तोंड तर त्याहून बरं आहे. बातमी अशी, की आपली बोट कपाटावरून खाली आली. तळ्यावरची छोट्या बोटींची शर्यत पुढच्या महिन्यात आहे. आपले पंच शिट्टीकाका परवा माझ्या चष्म्याच्या दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला आले आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाले, तुमची ती गुणगुणणारी बोट काय म्हणते? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगू नकोस. घरी आले, स्टूल ओढलं आणि बोट उतरवली. म्हटलं, आता उघडायची, तीन वर्षांपूर्वी कोणाचं चाक सुटलं त्याचा पुरावा काढायचा आणि फोटो तुला पाठवायचा.

तो दिवस आठवतो ना? मोटरवरचं लहान दातेरी चाक तू बसवलं होतंस. दोन्हीकडची वल्ह्यांची चाकं फिरवणारा आडवा शाफ्ट आणि त्यावरचं मोठं दातेरी चाक माझं. मध्ये चेन, आणि वर आठ स्क्रूंनी बंद केलेला डेक. बोट तळ्याच्या मध्यावर गेली आणि थांबली. मोटर आपली गुणगुणतेय, वल्ही ढिम्म. बदकं येऊन तिच्याभोवती बसली. आत काय सुटलं हे डेक उघडल्याशिवाय कोणालाच कळणार नव्हतं, पण मला मात्र कळलं होतं! दिवसभर मुंगीएवढे स्क्रू पिळणारी मी, माझा स्क्रू सुटेल? उचलली जीभ लावली टाळ्याला. अख्ख्या काठाला ऐकू जाईल अशी ओरडले, दादाचं चाक सुटलं! तू मला उगाच भोंगा म्हणत नाहीस. तू मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलास, बोट काखेत मारलीस आणि घरी आलास. पंधरा दिवसांनी लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीसाठी तिकडे गेलास. आता सुट्टीला येतोस, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गमती सांगून आम्हाला हसवतोस, पण तळ्याकडे पाऊल टाकत नाहीस. विचारलं तर कामं आहेत म्हणतोस. तुझ्याशिवाय तिथे मला करमत नाही, हे मी कधी बोलले नाही. चूक तुझी, मग मी का नमतं घ्यायचं?

तर डेक काढला. आई समोर मटार सोलत बसली होती. आधी तुझं चाक तपासलं. ओढलं, पिळलं, पक्कडीने धरून हिसकलं, पण ते जागचं हलेना. शाफ्टवर कानसेने घासलेली सपाट जागा आणि तिच्यावर नेमका टेकलेला स्क्रू. तू मलाही सांगितलं होतंस, गोल शाफ्टवर स्क्रू कितीही आवळ, घसरणारच, आधी सपाटी कर. मी म्हटलं होतं, स्क्रू मला शिकवू नकोस. मग माझं चाक बघितलं. तेही घट्ट! मी जागच्या जागी उडीच मारली. स्क्रूच्या तोंडात काहीतरी लाल होतं, गंज असेल म्हणून खरवडलं, स्क्रू सैल केला आणि चाक बाजूला सरकवलं.

दादा, शाफ्टभोवती बांगडीसारखा एक चकचकीत ओरखडा होता. माझा स्क्रू शाफ्टवरून घसरत गोल फिरला होता. आणि त्या ओरखड्यावरच एक सपाट जागा घासलेली, कडा गुळगुळीत केलेल्या. अशा कडा आपल्या घरात एकच माणूस करतो. तो लाल रंग गंज नव्हता. स्क्रू सुटू नये म्हणून लावलेला ठिपका होता, माझ्या नेलपॉलिशचा. ती बाटली कुठे टाकलीस म्हणून मी आईला आठवडाभर छळलं होतं. आई मटार सोलता सोलता म्हणाली, सापडलं का एकदाचं? बाटली त्यानेच नेली, पण हिला सांगू नकोस म्हणाला होता. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा चालल्या होत्या आणि घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक!

काल सकाळी बोट सरावाला नेली. तुझ्या सपाटीवर स्क्रू आवळला आणि सोडली. काय चालली म्हणून सांगू! दोन फेऱ्या मारल्या, बदकांची पळापळ झाली. मग मी शिट्टीकाकांच्या हातातून कर्णा घेतला आणि सांगून टाकलं, की तीन वर्षांपूर्वी सुटलेलं चाक माझं होतं, दादाचं नव्हे. काकांनी इतकी लांब शिट्टी मारली की त्यांना खोकला लागला. लोक हसले, मीही हसले आणि थोडी रडलेही.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू ‘असू दे गं’ म्हणून लगेच लिफ्टची गोष्ट काढली असतीस. कागदावर तुला मधेच बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. चुकले मी दादा. चारचौघांत मी तुझं हसं केलं आणि तू एकांतात माझी चूक दुरुस्त करून वर झाकण लावलंस. शर्यतीच्या अर्जावर दोन नावं लागतात, तुझं आधी लिहिलंय. तुझ्या चाकाचा स्क्रू मी सैल केलेला नाही. माझ्या स्क्रूवरचा ठिपका मात्र खरवडून गेलाय, आणि त्याच्याशिवाय तो शर्यतीत टिकायचा नाही. तेव्हा येताना माझी बाटली घेऊन ये. वाळली असेल तर नवी आण, पण लालच.

तुझीच,
भोंगा