तोंडात टाचण्या, चार मिनिटं

ती. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे धरल्यामुळे अष्टांगांतली दोन वजा करून घे.) तुझी कंबर, तुझं कुत्रं आणि भावोजींचा तिन्हीत्रिकाळ चालणारा रेडिओ, तिघांची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. बरे म्हणजे कसे, ते सविस्तर सांगावं लागेल, कारण त्यात तू पाठवलेल्या, जाळीचा दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या काचेच्या फ्रेंच प्रेसचा हात आहे.

तुला माहीतच आहे, गेली एकतीस वर्षं दुपारी चारला आमची दोन्ही मशीन थांबतात आणि तुझी भावजय आणि मी कापायच्या टेबलाशी बसून कॉफी घेतो. (कॉफी तिने करायची, बोलायचं काम माझ्याकडे.) पण दोन महिन्यांपूर्वी काय झालं कुणास ठाऊक, ही चारच्या ठोक्याला समोरच्या निवृत्त नर्सबाईंकडे जायला लागली. सोबत काजाच्या सुया टोचलेली उशीसुद्धा! विचारलं तर म्हणे, त्यांच्या हातची कॉफी छान असते. अक्का, तो अर्धा तास गेला तर माझ्या दिवसात उरतं काय? विजारी.

म्हणून तुझी प्रेस माळ्यावरून काढली. ठरवलं, नर्सबाईंच्या कॉफीच्या तोंडात मारेल अशी कॉफी करायची. पहिल्या दिवशी बारीक पूड टाकली, कपात निम्मा गाळ. मी पडलो शिंपी, दोष जाळीला दिला. दट्ट्याच्या मापाने मलमल गोल कापली आणि कडेने दुहेरी टीप घालून जाळीला घट्ट अभ्रा शिवला. (शिवण इतकी सुबक, की थोडा वेळ नुसता बघत बसलो.) दट्ट्या दाबला तर हलेना. मग उभं राहून अंगाचा सगळा भार टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! कॉफीचं कारंजं छतापर्यंत गेलं आणि येताना वकीलसाहेबांच्या सहा पांढऱ्या शर्टांवर उतरलं. शेवटी सहाही शर्ट कॉफीत बुडवून एकरंगी केले. वकीलसाहेब खूश आहेत. रंग कुठून आणला विचारतात, मी सांगत नाही.

मग मात्र अभ्रा उसवला आणि शहाण्यासारखा वागलो. पूड भरड दळली, उकळी ओसरल्यावर पाणी ओतलं, चार मिनिटं मुरू दिलं, दट्ट्या हलक्या हाताने खाली नेला आणि लगेच सगळी कॉफी कपांत काढली. (भांड्यात ठेवली की कडू होते, हे दोनदा थुंकून शिकलो.) काय कॉफी झाली म्हणून सांगू! हिने एक घोट घेतला, छान आहे म्हणाली, आणि उशी उचलून समोर गेली.

शेवटी नाक मुठीत धरून मीच नर्सबाईंकडे गेलो, गाऊनची उसवलेली बाही शिवून द्यायचं निमित्त करून. त्यांनी कॉफी दिली. अक्का, बरणीतली तयार पूड, कोमट दूध, वर साय! मी म्हटलं, बाई, ह्यासाठी ही रोज येते?

"कॉफीसाठी कोण येतंय?" त्या म्हणाल्या. "तुमच्या जिभेची कात्री थांबत नाही म्हणून येते. काय झालंय ते तिलाच विचारा. आणि विचारून गप्प बसा!"

आता गप्प कसं बसतात, हे मला कुठे माहीत? (आईने प्रयत्न केले होते, तू साक्षीदार आहेस.) दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये पाणी ओतलं, हिला विचारलं, आणि बाही बेतताना धरतो तशा चार टाचण्या ओठांत धरून बसलो. पहिलं मिनिट ही माझ्याकडे नुसती बघत होती. मग हळूच म्हणाली, दोन महिने झाले, उजव्या डोळ्याला सुईचं नेढं दिसत नाही. दुसऱ्या दिवसाच्या सुया नर्सबाई ओवून देतात. मला दोनदा सांगायला आली होती, दोन्ही वेळा मी तिला कॉलरीत ताठपणासाठी घालायच्या कॅनव्हासबद्दल सांगत होतो. अक्का, अख्ख्या गल्लीच्या कमरा मला तोंडपाठ, आणि शेजारच्या मशीनवरच्या बाईचा डोळा मला ठाऊक नाही! फार लाज वाटली. रडूही आलं, पण तोंडात टाचण्या असताना रडणं धोक्याचं असतं.

डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात काढतील, पुन्हा स्वच्छ दिसेल म्हणाले. तोवर सुया मी ओवतो. चार वाजता ही घरी असते.

तुझा धाकटा,
बडबड्या

ता. क. मागच्या पत्रात तुझ्या प्रेसला 'बिनकामाचं भांडं' म्हटलं होतं, ते मागे घेतो.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं: दहा-पंधरा मिनिटं मुरत ठेवावी लागते अशी एखादी कॉफी तुमच्याकडे मिळते का गं? चार मिनिटांत हिचं बोलणं अर्ध्यावरच राहतं. काल मी घड्याळाकडे बघितलंच नाही, पाऊण तास गेला. कॉफी कडूजहर झाली होती. दोघांनी मिळून सगळी संपवली.