पतीच्या मास्कच्या फिल्टरची डबी हवाबंद करण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
कामगार सुरक्षा कार्यालय

विषय : आपल्या ताब्यातील डबी आजच्या आज हवाबंद करणे
संदर्भ : पतीचा शर्ट मागणारे आपले पत्र

महोदय,

१. माझे पती कारखान्यात सुटे भाग धुण्याच्या टाकीवर होते. टाकीतल्या द्रावणाच्या वाफेने ते गेले. तज्ज्ञांच्या हिशेबाने फिल्टर अजून निम्मा शिल्लक होता. सबब मास्क घातलाच नसावा, असे अहवाल म्हणतो.

२. लग्नाआधी मी प्रयोगशाळेत हीच गणिते करत असे. वायूचे रेणू फिल्टरमधल्या कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्याला अधिशोषण म्हणतात. तज्ज्ञांच्या सूत्रात सगळ्या जागा सारख्या, एका जागेवर एकच रेणू, आणि हवा कोरडी. टाकीला लागूनच उकळत्या पाण्याचा हौद आहे. पाण्यानेच आधी बूड टेकले, तर द्रावणाने बसायचे कुठे? ते मास्क असूनही सरळ नाकात जाते. गणित बरोबर आहे, महोदय. ते दुसऱ्या खोलीचे आहे.

३. डबीत द्रावण सापडले, तर मास्क तोंडावर होता हे सिद्ध होते. दुसरा साक्षीदार नाही. ती डबी आपल्या कपाटावर उघडी पडली आहे आणि कार्यालयात भिंती रंगवणे चालू आहे. रंगाची वाफ आत शिरून आधीच्या रेणूंना हुसकावते. लिपिकसाहेबांना हे सांगितले, तर म्हणाले, "ताई, डबीला काय पाय फुटणार आहेत?" डबी जागेवरच राहील हो, आतले निघून चालले आहे.

४. आता आपण शर्ट मागता. तो त्यांचा घरून जाताना घालायचा शर्ट. टाकीवर कंपनीचा डगला असे. शर्टात द्रावण मिळणार नाही, आणि तेही त्यांच्याच माथी मारले जाईल. शिवाय तपासणीत कापड तापवतात, मग चिकटलेले सगळेच सुटते. आमची लेक नुकती पावले टाकू लागली आहे. शर्टात नाक खुपसल्याशिवाय तिला झोप येत नाही. एरवी मी तो बरणीत घट्ट झाकून ठेवते, पण दर वेळी उघडताना थोडा वास जातोच. उरलेला आपण तापवू नये.

५. तरी डबी बंद करावी, दमट हवेत चाचणी घ्यावी आणि मगच निकाल द्यावा. लेक उठली, म्हणून आवरते घेते. उद्या ती विचारेल, बाबांनी मास्क का घातला नाही? घातला होता, हे तिला दाखवायला माझ्याकडे ती एकच डबी आहे.

आपली नम्र,
टाकीवरच्या कामगाराची पत्नी
दिनांक : ९ मार्च

सोबत : घट्ट झाकणाचा रिकामा डबा, एक.
शर्ट जोडलेला नाही.