डिक्कीतला लिफाफा

४ फेब्रु., बुध.
लिहीन लिहीन म्हणत पाच दिवस टाळलं. वहीत लिहिलं का खरं होऊन जाते.
शुक्रवारी जिजाजींनी लिफाफा दिला. त्यांच्या सोलर पॅनलच्या कारखान्याचं कर्ज मंजूर झालं, त्याचे सही केलेले कागद. "आज पाचच्या आत बँकेत दे. नाही तर मंजुरी रद्द. सीधा जा, राजा."
सीधा! सदर बाजारात सराफांपुढची नाली दोन बाया उपसून राहिल्या होत्या. गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात. परातीत काहीतरी चमकलं. मी आपला पाहत उभा. एक म्हणे, "का देखथस भैया, तोर कुछु गिर गे हे का?" म्हणजे तुझंच काही पडलं काय.
बँकेत पोचलो तं शटर खाली.
घरी म्हटलं, दिला. "कोणाले?" "काउंटरवरच्या मॅडमले." काहून म्हटलं असं...

५ फेब्रु., गुरु.
काल एक लिहिलंच नाही. सोमवारी गेलो होतो, द्यायला. काउंटरवरच्या मॅडम वाशिमच्या निघाल्या. माझं मराठी ऐकून खुश. "आपल्याकडचा पोट्टा! इथं परराज्यात तर सगळे हिंदीतच उत्तर देतात." विचारलं, मॅडम, कोणाची तारीख हुकली तर? "तर गेली मंजुरी. नवा अर्ज, सगळं पहिल्यापासून." लिफाफा शर्टाच्या आत, घामानं ओला. "तुझं काही काम होतं काय?" म्हटलं, नाही, सहजच. लिफाफा परत स्कूटरच्या डिक्कीत.

७ फेब्रु., शनि.
बँकेचं पत्र. मंजुरी रद्द. बीरगांवला शेड उभी, मशिनींचा ॲडव्हान्स देऊन झालेला. जिजाजी बँकेत ओरडून आले, मॅडमविरुद्ध लेखी तक्रार देऊन आले. आता मॅडमची चौकशी होणार. "हरवला तिनं, अन् म्हणते मले कोणी दिलाच नाही! माझा साळा खोटं बोलते काय?"
ताई भात वाढता वाढता म्हणाली, "वेंधळा आहे तो. पण खोटं नाही बोलत."


८ फेब्रु., रवि.
आज सांगतोच. सकाळपासून तीनदा जिन्यापर्यंत गेलो. तिसऱ्यांदा पायरीखाली मांजरीची पिल्लं दिसली, अर्धा तास तिथंच. असा माणूस मी. लिफाफा काढून आणला आहे, समोर ठेवला आहे. हे वाक्य झालं का उठतो
ताई खालून हाक मारून राहिली. "अरे, बँकेतल्या मॅडम आल्या! म्हणतात, सोमवारी आलता त्या पोट्ट्याले बोलवा. सोमवारी काहून गेलता रे तू तिथं?"